उकळलं म्हणजे संपलं? अन्नातल्या जिवाणूंबाबत या चुका टाळा

“चांगलं उकळून घेतलंय, आता काही होत नाही.” हे वाक्य अर्धं खरं आहे आणि सगळा घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे. उकळल्यावर नेमकं मरतं काय, हे कुणी विचारत नाही. जिवंत जिवाणू, त्याचा बीजाणू आणि त्याने अन्नात सोडलेलं विष या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उष्णतेपुढे तिघांची तऱ्हा वेगवेगळी. खालच्या बहुतेक चुका या तिघांना एकच समजल्यामुळे होतात.

बरणी उकळत्या पाण्यात ठेवली की झालं, असं मानणं

बॉट्युलिझम म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा. तिला कारण ठरणारा क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू मातीत राहतो. बटाटा, लसूण, गाजर यांच्यासोबत त्याचे बीजाणू स्वयंपाकघरात येतातच. ते पोटात गेले तरी निरोगी मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. बीजाणू म्हणजे कवच पांघरून झोपलेला जिवाणू. तो जागा व्हायला ओलावा हवा, ऊब हवी, आंबटपणा कमी हवा आणि मुख्य म्हणजे प्राणवायू नको. आता हवाबंद बरणीकडे पाहा. १०० अंशांना आपण इतर जिवाणू मारले, हवा हाकलली, झाकण लावलं. बीजाणू मात्र त्या तापमानात तासन् तास तग धरतात. म्हणजे आपणच त्याचे प्रतिस्पर्धी काढून रान मोकळं करून दिलं!

म्हणून भाज्या, कडधान्यं, मांस, मासे असे कमी आंबट पदार्थ बरणीत टिकवायचे तर दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियस तापमान लागतं. ते बरणीच्या मधोमध पोचायला हवं, नुसतं भांड्याला लागून उपयोग नाही. त्यासाठी बरण्यांचा खास प्रेशर कॅनर आणि तपासून ठरवलेली वेळ हवी. रोजच्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजून हे होत नाही. उंचावरच्या गावात पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे दाब वाढवावा लागतो. पदार्थाचा सामू (pH, जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हा जिवाणू वाढत नाही. त्यामुळे आंबट फळांच्या बरण्यांना उकळतं पाणी पुरतं. टोमॅटो मात्र या रेषेच्या काठावर असतो, त्यात लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल मोजून घालतात. अंदाजाने पिळलेलं लिंबू चालत नाही.

प्रक्रिया चुकल्याचं चोवीस तासांच्या आत लक्षात आलं तर योग्य पद्धतीने पुन्हा करता येते, किंवा बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवता येते. त्यानंतर आठवलं तर बरणीवर पाणी सोडलेलंच बरं.

चव घेऊन ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी सवय. फुगलेलं झाकण, उघडताना उसळून येणारा द्रव, विचित्र वास ही धोक्याची चिन्हं आहेतच. पण ती नसली म्हणजे पदार्थ चांगला, असं नाही. बॉट्युलिनम विषाला स्वतःची चव नाही, वास नाही, आणि त्याचा कणही पुरतो. फुगलेला डबा उघडून खात्री करायला जाऊ नका. तसाच पिशवीत बांधून टाका, सांडलेलं ब्लीचने पुसा.

गंमत अशी की हे भयंकर विष उष्णतेपुढे नाजूक आहे. दहा मिनिटं खळखळ उकळलं की निकामी होतं. पण म्हणून संशयास्पद बरणी उकळून खाऊ नये. उकळी येईपर्यंत आपण ती उघडलेली, ढवळलेली, चाखलेली असते.

तेल आणि फॉइल निरुपद्रवी समजणं

तेलात बुडवलेला लसूण दिसायला सुरेख. तेलाखाली हवा पोचत नाही, लसूण कमी आंबट, आणि बाटली ओट्यावर. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८५ साली अशाच लसणामुळे बॉट्युलिझमची साथ आली होती. घरी केलेलं असं तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावं. अमेरिकेतल्या एल पासोमध्ये १९९४ साली फॉइलमध्ये भाजून तसेच बाहेर ठेवलेले बटाटे नडले. भाजून झाल्यावर फॉइल काढून टाका, एवढंच.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, हेही याच रांगेत. मधात हे बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात त्यांना तिथेच वाढून विष तयार करता येतं.

शिळं गरम केलं की दोष गेला, असं समजणं

इथे बॉट्युलिनमच्या नेमकं उलट. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू हातावर, नाकात असतो. शिजवल्यावर तो मरतो, पण त्याने आधीच सोडलेलं विष उकळूनही टिकतं. बॅसिलस सीरियसचे बीजाणू भात शिजवूनही उरतात, आणि भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यांच्यापासून वाढलेले जिवाणू उलट्या करवणारं विष बनवतात. तेही पुन्हा गरम करून जात नाही. मोठ्या पातेल्यात हळूहळू निवणारं मांस क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सला फावतं. उपाय एकच आणि कंटाळवाणा: उरलेलं अन्न उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. फ्रिज ५ अंशांखाली आहे ना, ते थर्मामीटर ठेवून बघा. दारावरचा आकडा बऱ्याचदा सेटिंगचा असतो. फ्रिजच्या थंडाव्यातही लिस्टेरिया हा जिवाणू मात्र सावकाश वाढतच राहतो, म्हणून गरोदर स्त्रियांनी जुनं, न तापवलेलं तयार अन्न टाळावं.

कच्ची कोंबडी नळाखाली धुणं ही आणखी एक. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर त्याने जात नाहीत, सिंकभर उडतात.

नुसतं पोट बिघडलंय म्हणून थांबणं

जुलाब-उलट्यांचे बहुतेक आजार पाणी, क्षार आणि विश्रांतीने सुधारतात. बॉट्युलिझम वेगळा. बहुधा १२ ते ३६ तासांत, कधी काही दिवसांनी, एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, तोंड कोरडं पडणं, जीभ अडखळणं, घास न उतरणं असं सुरू होतं आणि अशक्तपणा वरून खाली पसरतो. ताप सहसा नसतो, माणूस शुद्धीवर असतो, त्यामुळे थकवा किंवा नशा समजून वेळ जातो. श्वासाचे स्नायू थकण्याआधी रुग्णालय गाठायला हवं. प्रतिविष पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं परत आणत नाही. काय खाल्लं, कधी खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. त्या पदार्थाचं उरलेलं या वेळी टाकू नका, बंद पिशवीत फ्रिजमध्ये बाजूला ठेवा, कारण प्रयोगशाळेत विष त्यातूनही शोधता येतं.