चेक इंजिनचा दिवा लागलाय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की बहुतेक जण आधी गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर शोधतात. तिथपर्यंत सगळं ठीक असतं, घोळ होतो तो त्यानंतर. स्क्रीनवर ‘पी०१७१’ असा कोड येतो, कुणीतरी सांगतं की हा ऑक्सिजन सेन्सरचा कोड आहे, आणि लगेच नवा सेन्सर बसतो. काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. मग स्पार्क प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टरची सफाई. एवढा खर्च होऊनही मूळ बिघाड, म्हणजे हवेच्या पाइपला गेलेली बोटभर चीर, जागच्या जागी असतो.

पी०१७१ चा अर्थ एवढाच की मिश्रण लीन झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. वजनाच्या हिशोबात एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि हे गणित बिघडल्याचं कळवतो. बऱ्याचदा तो आपलं काम अगदी चोख करत असतो. कोड ही गाडीची तक्रार असते, निदान आपल्यालाच करावं लागतं.

लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष

दिवा स्थिर असेल, गाडी नीट चालत असेल आणि टेंपरेचर किंवा ऑइलची वेगळी सूचना नसेल, तर बेताने चालवत गॅरेज गाठता येतं. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं आणि जाळूनही टाकतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा आणि पुढे टोइंगनेच न्या.

कोड उतरवून घेण्याआधीच पुसणं

“कोड पुसून बघू, परत येतो का” हा सल्ला मला मुळीच पटत नाही. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होता, कूलंट किती गरम होतं, गाडी उभी होती की वेगात, हे सगळं तिथे मिळतं. कोड पुसला की हा पुरावाही जातो. बॅटरीची वायर काढून ठेवली तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं. आधी स्क्रीनचा फोटो काढा. लीनचा कोड गाडी उभी असताना आला की चढावर, एवढ्यावरूनही निम्मी दिशा कळते.

फ्युएल ट्रिम न बघता निदान करणं

पेट्रोल गाडीत सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि नेमकं हेच पान कुणी उघडत नाही. इंजिन कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयू, ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतंय किंवा घटवतंय, तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे ईसीयूने लक्षात ठेवलेली, या दोन्हींची बेरीज करा. ती साधारण उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर फार काळजी नको. आकडा अधिकमध्ये वर गेला तर मिश्रण लीन आहे आणि ईसीयू पेट्रोल वाढवून सांभाळून घेतंय.

इंजिन पूर्ण गरम झालं की आयडलिंगवर आकडा बघा. मग रेस देऊन २५०० आरपीएमवर धरा आणि पुन्हा बघा. आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला अधिक २२ आणि २५०० वर अधिक ४ दिसलं, तर सेन्सर आणि इंजिनच्या मधे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यामुळे गळतीचा वाटा मोठा ठरतो. रेस दिल्यावर तोच वाटा नगण्य होतो.

उलट आयडलिंगला अधिक ३ आणि लोडवर अधिक १८ आलं, तर एअर फ्लो सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोलचं प्रेशर पुरत नाही. मग प्रेशर गेज लावून खात्री करा. आकडा सगळीकडे सारखाच वर असेल, तर ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट गळतोय का तेही पाहा. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सरला मिश्रण उगाचच लीन वाटतं.

सगळ्याच गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतो. कित्येक छोट्या गाड्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून हवा मोजतात. तिथे गळती झाली की मिश्रण तितकं लीन होत नाही, आयडलिंग मात्र चढून बसतं. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे माहीत नसताना दुसऱ्याच्या गाडीचा उपाय लावू नका.

गळती नुसत्या नजरेने शोधणं

एअर फिल्टर बॉक्सपासून थ्रॉटल बॉडीकडे, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे जाणारा घड्यांचा रबरी पाइप वरून धडधाकट दिसतो. चीर बहुधा खालच्या बाजूला, घडीच्या आत असते, आणि रेस दिल्यावर इंजिन हललं की उघडते. इंजिन बंद करून पाइप हाताने वाकवून, प्रत्येक घडी फाकवून बघा. मग इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची नळी, ब्रेक बूस्टरची नळी, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि पेट्रोल टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय का ते तपासा. नीट न बसलेली डिपस्टिक किंवा ऑइलचं झाकणही काही इंजिनांत लीन कोड आणतं.

गरम इंजिनवर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यात आग लागण्याचा खरा धोका आहे. स्मोक मशीनने इनटेकमध्ये धूर सोडला की गळतीची जागा बिनधोक दिसते.

सेन्सर चुकीच्या पद्धतीने साफ करणं

एअर फ्लो सेन्सरमध्ये केसासारखी बारीक तार किंवा पातळ फिल्म असते. ती ठरावीक तापमानाला गरम ठेवायला किती करंट लागतो, त्यावरून आत येणारी हवा मोजली जाते. तारेवर धूळ आणि तेलाचा थर बसला की हवा तिला नीट गार करू शकत नाही आणि आकडा कमी येतो. साफ करताना फक्त एअर फ्लो सेन्सरसाठीचाच स्प्रे वापरा. ब्रेक क्लीनर, कार्ब क्लीनर, कापूस, ब्रश, कंप्रेसरची हवा यांतलं काहीही तिथे नको. पूर्ण वाळल्यावरच कनेक्टर जोडा. तेल लावलेला परफॉर्मन्स फिल्टर वापरत असाल तर तेल अगदी बेताने लावा, जास्तीचं तेल उडून याच तारेवर बसतं.

बंद इंजिनवर सेन्सरचा कनेक्टर काढून गाडी सुरू करून पाहता येते. ईसीयू तेव्हा ठोकळ हिशोबावर चालतं. गाडी आधीपेक्षा नीट चालली तर संशय सेन्सरवर पक्का होतो. नवा कोड मात्र नक्की येईल.

एअर फिल्टरवर सगळं खापर फोडणंही बरोबर नाही. कार्बोरेटरच्या काळात चोंदलेल्या फिल्टरने मिश्रण रिच व्हायचं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त व्हायचं. आजच्या इंजेक्शन गाडीत आत आलेली हवा मोजूनच पेट्रोल दिलं जातं, त्यामुळे पिकअप मरतो, पण लीनचा कोड सहसा यामुळे येत नाही. फिल्टर बदलल्यानंतर लगेच दिवा लागला असेल तर आधी बॉक्सच्या क्लिपा, पाइपचा क्लॅम्प आणि सेन्सरचा कनेक्टर तपासा.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल साफ करताना इग्निशन चालू ठेवून त्याची पाकळी, म्हणजे आतली गोल झडप, बोटाने ढकलू नका. बोट सापडू शकतं आणि आतले गिअरही खराब होऊ शकतात. नंतर आयडलिंग खालीवर होत असेल तर कंपनीने सांगितलेलं रीलर्न करावं लागतं, म्हणजे ईसीयूला थ्रॉटलची जागा पुन्हा शिकवावी लागते.

दुरुस्तीनंतर दिवा विझलाय एवढ्यावर गाडी ताब्यात घेऊ नका. बरेचसे कोड सलग दोन फेऱ्यांत बिघाड दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत, त्यामुळे पहिल्या फेरीत सगळं आलबेल वाटू शकतं. गाडी थंड असताना सुरू करा, गर्दीत आणि मोकळ्या रस्त्यावर दोन्हीकडे चालवा, मग स्कॅनरवर पेंडिंग कोड, म्हणजे नोंदले गेलेले पण अजून दिवा न लावलेले कोड, आणि फ्युएल ट्रिम पुन्हा बघा. ट्रिमचा आकडा शून्याजवळ आला नसेल, तर गाडी तिथेच परत द्या आणि तो आकडा मेकॅनिकला दाखवा.