हरणासाठी ठासणीची बंदूक: कॅलिबर निवडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. तिथे राहून रीतसर परवाना काढणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे इकडे याचा काही उपयोग नाही.

नियम न बघता बंदूक घेणे

पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर चकमकीच्या बंदुकीचा (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा) हंगाम असतो, त्यात किमान .४४ कॅलिबर (नळीच्या आतल्या व्यासाचं इंचातलं माप) लागतं. कोलोरॅडोत हरणाला .४० चालतं, एल्क या मोठ्या जातीच्या हरणाला मात्र .५० हवं. शिवाय तिथल्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही आणि सॅबो, म्हणजे गोळीभोवतीचं प्लास्टिकचं आवरणही चालत नाही. नियम बदलतात, दरवर्षी नव्याने वाचा.

नुसता आकडा बघणे, वजन विसरणे

गोल गोळीचा व्यास जरा वाढला की वजन भराभर वाढतं. .४५ची गोळी साधारण १२८ ग्रेन, .५०ची १७७, तर .५४ची २२५च्या आसपास (१५ ग्रेन म्हणजे जेमतेम १ ग्रॅम). गोल गोळीचा वेगही हवेत लवकर मरतो. .४५ची गोल गोळी घेऊन १०० यार्डांवरच्या मोठ्या नरावर चाप ओढू नका. जखमी हरीण झाडीत शिरतं आणि तासन् तास तडफडतं. आपल्या हौसेपायी हे होता कामा नये. नवख्याने .५० घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. जवळून गोल गोळीच वापरायची असेल तर .५४ अधिक चांगली.

नळीचा पीळ न तपासणे

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. ५० यार्डांवर गोळ्या चहूकडे विखुरतात आणि माणूस कॅलिबरला दोष देत दुसरी बंदूक शोधू लागतो. खरं कारण बहुधा पिळात, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीच्या आतल्या नागमोडी आट्यांत असतं. ६६ इंचांत एक फेरा घेणारी नळी चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी असते. लांबट गोळी तिच्यातून डगमगत जाते. २८ इंचांत एक फेरा घेणारी नळी लांबट गोळी आणि सॅबोसाठी. तिच्यात जास्त दारू भरून गोल गोळी उडवली तर ती आटे न पकडता घसरत बाहेर पडते. ४८ इंचांचा पीळ मधला, दोन्हीचं बऱ्यापैकी भागवणारा.

पीळ नळीवर कोरलेला नसेल तर मूठ मोकळी फिरणाऱ्या गजाला घट्ट चिंधी लावून तो आत सरकवा. गजावर खूण करा आणि एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो ते मोजा. हे बंदूक रिकामी असल्याची खात्री करूनच.

नळीवरच्या आकड्याचीच गोळी आणणे

.५०च्या नळीत चिंधीसकट बसायला .४९०ची गोळी लागते, .४५ला .४४०ची. दुकानात मिळणारी .४५४ची गोळी ठासणीच्या रिव्हॉल्व्हरसाठी असते. रायफलीत ती अडकेल. गोळी अर्ध्यावर अडकली तर बार उडवू नका. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली की नळी फुगते, फुटतेही. गोळी पूर्ण बसते तिथे गजावर कायमची खूण करून ठेवा.

नेम तरीही लागत नसेल तर नळीपुढे पडलेल्या चिंध्या गोळा करा. जळालेली किंवा कापलेली चिंधी दिसली, तर कॅलिबर बदलण्याआधी चिंधी जाड करा किंवा दारू कमी करून बघा.