आधी घासा, मग रंग जुळवा: जुन्या फायबरच्या बोटीवर मी शिकलो ते

जुन्या फायबरच्या बोटीला हात घातलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो, याचा कलर कोड कुठे मिळेल? मीही विचारला होता. माझ्याकडे आलेली बोट 1974 सालची, पाचेक मीटरची. डेक (वरचा पृष्ठभाग) हस्तिदंती आणि हल (बोटीचं धड) हिरवा. कोड मिळाला नाही, आणि बहुतेकदा मिळतच नाही. अमेरिकेत 1 नोव्हेंबर 1972 पासून बोटींवर हलचा ओळखक्रमांक असणं बंधनकारक झालं, त्यामुळे तिथल्या बोटीचं साल कळतं. रंग मात्र त्यात नसतो. शिवाय कारखान्यात जेलकोटची, म्हणजे फायबरवरच्या रंगीत रेझिनच्या बाहेरच्या थराची, एक खेप संपून दुसरी आली की त्याच नावाच्या रंगात थोडा फरक पडायचाच. म्हणून कोडामागे दिवस घालवू नका. रंग बोटीवरच सापडेल.

आधी एक खात्री करून घ्या: समोर दिसतोय तो मूळ जेलकोट आहे, की नंतर कुणी मारलेला पेंट? न दिसणाऱ्या कोपऱ्यात ब्लेडने खरवडून बघा. पेंटचा पापुद्रा पातळ असतो आणि त्याखाली वेगळा रंग लागतो. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि रंग पूर्ण थरात सारखा असतो.

मूळ रंग लपलेला असतो तो क्लीटखाली (दोर बांधायची खुंटी), काचेच्या फ्रेमखाली, रबरेलच्या (कडेने फिरणारी, धक्के झेलणारी पट्टी) आत आणि लॉकरच्या झाकणाच्या मागच्या बाजूला. मी नाळेजवळचं क्लीट काढलं. जुनं सीलंट लाकडी पट्टीने हळूहळू खरवडल्यावर क्लीटच्या तळाच्या आकाराचा एक गर्द हिरवा ठसा निघाला, पावसाळ्यातल्या शेवाळासारखा. भोवतीचा हल त्यापुढे पिठूळ, धुतलेल्या कापडासारखा दिसत होता. पन्नास वर्षं ऊन न लागलेला तो चार बोटांचा तुकडा बघून मी बराच वेळ तिथेच बसून होतो.

आणि तिथेच फसलो.

ज्यांच्याकडे मी शिकत होतो ते म्हणाले, "क्लीटखालचा रंग विसर. लोकांना दिसतो त्या रंगाला जुळव." मी ऐकलं. जुन्या स्क्रूंची पाच भोकं भरून त्यावर त्या पिठूळ हिरव्याला तंतोतंत जुळणारा जेलकोट लावला. ठिगळ कुठे आहे ते मलाच सापडेना, इतका रंग जुळला होता. मग पूर्ण हलला कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, मारलं. हल गडद होत गेला आणि पाचही ठिगळं रुपयाएवढ्या फिक्या ठिपक्यांसारखी वर आली.

हे नीट समजून घ्या, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. अतिनील किरणांनी जेलकोटमधलं रेझिन अगदी वरच्या थरात तुटतं. पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यावर पडलेला प्रकाश विखुरतो, म्हणून पांढुरकं दिसतं. ते पांढुरकेपण रंगातलं नाही, खराब झालेल्या पृष्ठभागाचं आहे. पॉलिश पेपर आणि कंपाउंड तो थर काढून टाकतात. तुमच्या ताज्या ठिगळावर काढून टाकायला असा थरच नसतो. त्यात तुम्ही पांढुरकेपणा रंग म्हणून कालवलेला असतो, आणि तो कायमचा तिथे राहतो.

मी चिडून दुसऱ्या टोकाला गेलो. ठिगळं काढली आणि क्लीटखालच्या रंगाला जुळवून पुन्हा भरली. आता ती गडद दिसू लागली! कारण पिठूळ थर निघाला तरी खालची काही रंगद्रव्यंही उन्हाने थोडी उडालेली असतात. म्हणजे एकाच बोटीवर तीन हिरवे होते: पिठूळ, घासून निघालेला आणि क्लीटखालचा. ठिगळ मारायचं असेल तर मधल्याला जुळवा, तेही त्या ठिगळाच्या शेजारच्याच जागेला, कारण डेकजवळची बाजू आणि पाण्याजवळची बाजू सारखी उडत नाही. पूर्ण हल नव्याने फवारणार असाल तरच क्लीटखालचा रंग घ्या.

म्हणून क्रम असा ठेवा. मेण आणि वंगण काढा. तळहाताएवढी जागा 800 च्या पेपरने पाणी लावून घासा, मग 1000, 1500, 2000, आणि शेवटी कंपाउंड व पॉलिश. तिथे जो रंग उगवतो तो तुमचा नमुना. त्याआधी डबा उघडूसुद्धा नका.

मोबाइलवर फोटो काढून रंग सांगणाऱ्या ॲपवर माझा अजिबात विश्वास नाही. फोटोतला रंग उजेडाप्रमाणे आणि कॅमेऱ्याप्रमाणे बदलतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर हे रंग मोजणारं चांगलं यंत्र आहे, पण ते पिठूळ जागेवर ठेवलंत तर पिठूळ रंगच मोजून देईल. आणि नुसत्या नजरेने थेंब टाकून रंग जुळवणारे उस्ताद मला आवडतात, पण शिकायला जा ते वहीत वजन लिहिणाऱ्याकडे. नजर उसनी मिळत नाही, वही मिळते.

रंग कालवताना फिक्याकडून गडदाकडे जा. पांढऱ्यात काळा पडला की निळसर झाक येते, म्हणून जुन्या हस्तिदंती रंगासाठी काळ्याऐवजी गेरूच्या जातीचा पिवळा आणि अंबर (umber) नावाचा मातकट तपकिरी घ्या, तेही काडीच्या टोकावर मावेल इतकेच. प्रत्येक भर 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजा आणि लगेच लिहून ठेवा. ओल्या मिश्रणाचा थेंब हलवर ठेवून बघणं ठीक आहे, पण त्यावरून निर्णय घेऊ नका. घट्ट झाल्यावर रंग बदलतो. थोडा भाग वेगळा काढा, हार्डनर (जेलकोट घट्ट करणारं द्रव्य) घाला, अर्धा मिलिमीटर जाडीचा तुकडा बनवा, वाळल्यावर घासून पॉलिश करा आणि मग हलला चिकटवून बघा. पातळ थर खालचा रंग दाखवतो आणि फसवतो. हार्डनर सहसा वजनाच्या 1 ते 2 टक्के असतो. डब्यावर लिहिलेलंच प्रमाण पाळा आणि नमुन्यात व खऱ्या कामात तेच ठेवा. जास्त हार्डनरने फिके रंग पिवळसर होतात. वरून मेणाचं द्रावण किंवा पीव्हीए (हवा अडवणारा पातळ पडदा) लावायला विसरलात तर हवेमुळे पृष्ठभाग चिकट राहील.

नमुना सावलीत, भर उन्हात आणि दिव्याखाली असा तिन्हीकडे बघा. काही जुन्या पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिशाची द्रव्यं असायची, आता दुसरी वापरतात. त्यामुळे एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्यात सुटतो. सगळीकडे जुळला नाही तर दिवसाच्या उजेडाला मान द्या, बोट तिथेच राहणार आहे. आणि त्याच शिशामुळे सांगतो, कोरडं घासू नका आणि मास्कशिवाय तर मुळीच नाही. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही, यात सूट नाही.

सात-आठ नमुने फुकट गेले तर घाबरू नका. माझे हिरव्याचे अकरा झाले. सहाव्याला वाटलं होतं की आपल्याला रंग दिसतच नाही. डोळे थकलेले असतात, इतकंच. एक रात्र जाऊ द्या, सकाळी पहिल्या नजरेत काय कमी आहे ते कळतं. दोन पावलं मागून जुळलेलं ठिगळ जुळलं असं समजा. नाक लावून फक्त आपणच बघतो.

उरलेला जेलकोट हार्डनर न घालता थंड जागी ठेवला तरी काही महिन्यांत घट्ट होतो. म्हणून वजनांची नोंद मी प्लास्टिकमध्ये घालून लॉकरच्या झाकणामागे चिकटवली, शेजारी अकरावा तुकडाही. पुढे ही बोट ज्याच्या हातात जाईल त्याला क्लीट काढावं लागणार नाही.