गॅस डिटेक्टर झिरो दाखवतो म्हणून टाकीत उतरू नका, या चुका टाळा

नागपूरच्या बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीत गॅस डिटेक्टर सर्व्हिस करत फिरतो, तर सगळीकडे एकच बघतो. मीटर चालू केला, झिरो दिसला, की पोट्टे टाकीत उतरायला तयार. अरे भाऊ, ऑक्सिजनचा सेन्सर संपत आला की बहुतेक वेळा आकडा 20.9 वरून खाली घसरतो आणि 19.5 ला अलार्म वाजतो, म्हणजे कळतं तरी. एलईएलचा (हवेतला गॅस पेट घेऊ शकेल ती किमान पातळी) सेन्सर मेला तर झिरो दाखवतो, आणि साफ हवेतही झिरोच. गॅस दिल्याशिवाय फरक समजतच नाही.

मागच्या उन्हाळ्यात हिंगण्याच्या एका कंपनीत चार गॅसवाला मीटर हातात आला, एकदम चकाचक, सेन्सर बदलून पाच महिनेच झालेले. टेस्ट गॅसचा सिलेंडर लावला, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चढला, एच टू एस (हायड्रोजन सल्फाइड) चढला, ऑक्सिजन 18 वर आला, एलईएल मात्र झिरोवरून हलेना, सिलेंडरमध्ये 50 टक्के एलईएल मिथेन असून! विचारत गेलो तर स्टोअरमधला पोरगा दर शनिवारी गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश मारायचा मीटरवर. त्यात सिलिकॉन असतं, ते एलईएल सेन्सरच्या आतल्या गॅस ओळखणाऱ्या मण्यावर बसलं की सेन्सर कायमचा गेला, पुन्हा जिवंत होत नाही. आणि तीन दिवस आधी ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाकीत वेल्डिंगचं परमिट ह्याच मीटरवर सही झालेलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून मी मीटर फक्त साध्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसतो. कामावर जाण्याआधी रोज बम्प टेस्ट, म्हणजे थोडा टेस्ट गॅस देऊन मीटर दाद देतो का ते बघणं, मिनिटभर लागतो फार तर. घाई आहे म्हणणाऱ्याला मी टाकीजवळ उभाच राहू देत नाही. आणि लायटरचा गॅस सोडून टेस्ट करणारे तर फारच डेंजर, तेवढ्या जास्त गॅसनेही सेन्सर खराब होतो, वर आकडा बरोबर आहे की नाही ते कळतच नाही.

झिरो करायचा तर मोकळ्या हवेत, डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) बाजूला नाही. तिथला सीओच झिरो धरला की पुढे आकडा कमी दिसतो.

टेस्ट गॅसच्या सिलेंडरची एक्सपायरी बघा, एच टू एसवाला लवकर कमजोर होतो.

सीओ, एच टू एसचे सेन्सर साधारण 2 ते 3 वर्षं चालतात, कपाटात पडून असले तरी म्हातारे होतात, त्यामुळे स्वस्त मिळाले म्हणून डझनभर घेऊन ठेवू नका. आणि मे महिन्यात मीटर जीपच्या डॅशबोर्डवर सोडू नका, आपल्याकडे 2013 च्या मे मध्ये 47.9 डिग्री झालेलं, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं, सेन्सरमधलं पाणी सुकतं. मी तर सीटखाली डब्यात ठेवतो आणि गाडी सोडताना डबा सोबत घेऊन उतरतो.