महारेराच्या एजंट परीक्षेची तयारी, नागपूरच्या प्लॉटवाल्यांसाठी

महारेरा म्हणजे घरं-प्लॉटच्या धंद्यावर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या एजंट परीक्षेला माझा भाचा बसून राहिला आहे आणि रोज रात्री साडेनऊला त्याचा फोन, मामा हे वाचू का ते वाचू, मामा कलम पाठ करू का नको. सांगून सांगून घसा बसला, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकतो, त्याच्यासोबत आणखी कोणाच्या कामी आलं तर बरंच. मी चौदा वर्षांपासून बेसा-पिपळा साईडला प्लॉट दाखवतो, आता दोन-तीन फ्लॅट स्कीमचंही काम असते. आधी रजिस्ट्रेशनची फी भरली की नंबर मिळत होता आणि दुसऱ्या दिवसापासून व्हिजिटिंग कार्ड वाटायला मोकळे, पण २०२३ पासून महारेरानं २० तासांचं ट्रेनिंग आणि त्यावर परीक्षा लावली, आणि १ जानेवारी २०२४ नंतर तर जुन्या एजंटांनाही सर्टिफिकेट लागायला लागलं. म्हणजे आता क्रम असा, आधी ट्रेनिंग, मग परीक्षा, मग सक्षमतेचं सर्टिफिकेट, आणि ते हातात आलं की मगच रजिस्ट्रेशन, ज्याची फी एकट्या माणसाला १० हजार आणि फर्म किंवा कंपनीला १ लाख आहे, मुदत ५ वर्षं. भाच्यानं मित्रासोबत पार्टनरशिप टाकायचं ठरवलं होतं, हा आकडा ऐकला आणि मित्रच गायब झाला.

अभ्यासाला बसायच्या आधी कागदं काढून पहा. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव पूर्ण असते आणि पॅनवर कुठं नुसतं अक्षर, कुठं वडिलांचं नावच गायब, आणि आपल्याकडे तर निम्म्या लोकांच्या नावामागे कुठं राव लागतो, कुठं जी. फॉर्म भरताना हे चालून जाते, पण सर्टिफिकेटवर एक नाव आणि रजिस्ट्रेशनच्या अर्जात दुसरं असं झालं की मग बसा ऍफिडेव्हिट करत. मी स्वतः तीन आठवडे यातच घालवले. लेटरहेड, शिक्का आणि पावतीचा नमुनाही आताच बनवून ठेवा, अर्जासोबत लागतात, आणि शिक्क्यावर मोठमोठ्या पदव्या टाकू नका.

ट्रेनिंगचे २० तास पूर्ण करा, हजेरीला सवलत नाही, पण तेवढ्या भरवशावर राहू नका. आमच्या क्लासमध्ये सर स्लाईड वाचायचे आणि आम्ही फोटो काढायचो, शेवटी माझ्या मोबाईलमध्ये दोनशे-सव्वादोनशे फोटो आणि डोक्यात काहीच नाही. त्यापेक्षा कायदाच प्रिंट काढा. रिअल इस्टेट कायदा, म्हणजेच रेरा, २०१६ चा, एकूण ९२ कलमं, घाबरायसारखं काही नाही, आणि त्यातही आपल्या कामाची मोजकीच आहेत: कलम २ मधल्या व्याख्या, ३ आणि ४ प्रोजेक्ट रजिस्ट्रेशनचे, ९ आणि १० तर खास आपले एजंटांचे, ११ ते १८ बिल्डरवर काय बंधनं ते, १९ ग्राहकाचे हक्क आणि त्याची कर्तव्यंही, ३१ तक्रार, ४३-४४ अपील, आणि ५९ ते ६८ दंड. मराठी आणि इंग्रजी दोन्ही समोर ठेवून वाचा. मराठीत 'प्रवर्तक' लिहिलं की आपल्याला कोणी संत महात्मा वाटतो, ते प्रमोटर म्हणजे आपले बिल्डर साहेब आहेत, आणि 'वाटपग्राही' म्हणजे फ्लॅट घेणारा माणूस.

आता खरी गोष्ट, आणि यासाठीच लिहायला बसलो. आपल्यासारख्या जुन्या लोकांची अडचण अशी नाही की आपल्याला धंदा येत नाही, आपल्याला धंदा जास्तच येते. पहिल्या सराव टेस्टमध्ये माझे अर्धे प्रश्नही बरोबर नव्हते आणि माझ्या बाजूला बसलेली बीकॉम झालेली पोरगी, जिनं आयुष्यात एक प्लॉट विकला नाही, ती सर्रास बरोबर मारत होती. एक प्रश्न असा होता की ॲग्रीमेंट रजिस्टर करायच्या आधी बिल्डर जास्तीत जास्त किती रक्कम घेऊ शकतो, आणि मी डोळे झाकून २० टक्क्यांवर टिक केलं, कारण आपल्या साईडला इसार म्हटला की लोक तेवढा देतातच. उत्तर १० टक्के, कलम १३. मला विचारला होता कायदा आणि मी सांगून आलो बेसा चौकातला रिवाज.

म्हणून एक दोनशे पेजेसची वही घ्या, डाव्या पानावर आपला शब्द लिहा, उजव्या पानावर कायदा काय म्हणतो ते. डावीकडे 'टोकन, इसार', उजवीकडे कलम १३ आणि १० टक्के. डावीकडे 'पार्किंग दोन लाख एक्स्ट्रा', उजवीकडे उघडी पार्किंग कॉमन एरियात येते, ती विकता येत नाही. डावीकडे 'सॅंक्शन येऊन जाईल, तुम्ही बुकिंग करून ठेवा', उजवीकडे कलम १० (क), रजिस्टर न झालेल्या प्रोजेक्टची विक्री एजंटनं करून द्यायचीच नाही. डावीकडे 'कागदं रजिस्ट्रीच्या दिवशी पहा ना भाऊ', उजवीकडे परत कलम १०, बुकिंगच्या वेळीच ग्राहकाला हक्काची सगळी माहिती आणि कागदपत्रं मिळवून द्यायची. माझी अशी ३४ पानं भरली. वाचायला बायकोनं घेतली तर म्हणे, तुम्ही इतके वर्षं हेच करून राहिले होते का? काय सांगणार.

कार्पेट एरिया तर वाचून समजतच नाही, तो मोजा. मी रविवारी सकाळी टेप काढला, एक टोक बायकोच्या हातात दिलं आणि मनीषनगरचा आमचा स्वतःचा फ्लॅट मोजला, जो घेताना बिल्डरनं १,०५० फूट सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटा धरून) सांगितला होता. नियम असा की बाहेरची भिंत धरायची नाही, डक्ट-शाफ्ट धरायचा नाही, एकट्या आपल्याच वापराची बाल्कनी आणि उघडी गच्चीही धरायची नाही, पण घरातल्या घरात खोल्या वेगळ्या करणाऱ्या भिंतींची जागा मात्र धरायची. किचन आणि हॉलमधली भिंत मोजायची की नाही यावर आमचा अर्धा तास वाद झाला (मोजायची, ती आतली आहे), बाल्कनी काढून टाकली तेव्हा तिचा चेहरा पडला कारण तिची सगळी कुंड्या-झाडं तिथंच, आणि शेवटी आकडा ७४० फुटांच्या आसपास आला. त्या दिवसानंतर कार्पेट एरियाचा एकही प्रश्न माझा चुकला नाही. स्क्वेअर मीटरचं स्क्वेअर फूट करायला १०.७६४ नं गुणायचं, हे पाठच पाहिजे.

कारण कलम ३ मध्ये सगळं स्क्वेअर मीटरमध्ये आहे आणि आपलं डोकं फुटात चालते. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत फ्लॅट असले तर रजिस्ट्रेशनची गरज नाही, आता ५०० मीटर म्हणजे साधारण ५,३८२ फूट. म्हणजे सोमलवाड्याकडे पाच हजार फुटांच्या प्लॉटवर कोणी बिल्डिंग उभी केली तर ती सुटते, आणि सहा हजारांवर बारा फ्लॅट बांधले तर सुटत नाही. आणि हे फक्त फ्लॅटलाच आहे असा ज्यांचा समज आहे त्यांनी उमरेड रोडवरचे लेआउट आठवावे, प्लॉटिंगलाही रेरा लागतो. कोणाचा एकट्याचा जुना प्लॉट रिसेलला आहे तर तो प्रोजेक्ट नाही, तिथं गोष्ट वेगळी. महारेराच्या साईटवर जाऊन आपल्या ओळखीच्या चार स्कीम शोधून पहा, नागपूर जिल्ह्याच्या जुन्या प्रोजेक्टचा नंबर पी ५०५ नं सुरू होते आणि एजंटचा ए नं, त्यात प्रोजेक्ट कधी पूर्ण होणार, किती फ्लॅट बुक झाले, केस कुठल्या चालू आहेत, सगळं दिसते. मी हे केलं तेव्हा मी स्वतः ज्या स्कीमचे पॅम्फ्लेट वाटत होतो तिची तारीख संपलेली निघाली, मला दोन महिने माहीतच नव्हतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो, म्हणजे व्हॉट्सॲपवर जे आपण 'मिहानच्या जवळ, बुकिंग ओपन' म्हणून फिरवतो त्यातही नंबर पाहिजे.

दंडाची कलमं पाठ करायला सगळ्यात कंटाळवाणी आहेत पण फिरून फिरून तिथंच प्रश्न येतो, तर मी अशी लक्षात ठेवली: बिल्डरनं रजिस्ट्रेशन नाही केलं तर ५९, प्रोजेक्टच्या अंदाजे खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत. एजंटनं ९ किंवा १० मोडलं तर ६२, रोजचे १० हजार, जोपर्यंत चुकत राहील तोपर्यंत, आणि ते ज्या फ्लॅटचा सौदा केला त्याच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आता कमिशन किती मिळते ते ज्याचं त्याला माहीत, हिशोब करून पहा. ऑथॉरिटीचा, म्हणजे महारेराचा, आदेश एजंटनं नाही पाळला तर ६५, आणि अपील ट्रिब्युनलचा नाही पाळला तर ६६, त्यात १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ऑथॉरिटी आणि ट्रिब्युनल हे दोन वेगळे, इथं माझी नेहमी गल्लत व्हायची. ऑथॉरिटीच्या विरोधात ट्रिब्युनलकडे ६० दिवसांत, ट्रिब्युनलच्या विरोधात हायकोर्टात तेही ६० दिवसांत. ग्राहकाकडून येणाऱ्या पैशाचे ७० टक्के वेगळ्या खात्यात आणि ते जमीन-बांधकामावरच खर्च करायचे, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, मंजूर प्लॅनमध्ये मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती, हे तीन आकडे एका कागदावर लिहून आरशाला चिकटवा, दाढी करताना दिसतील.

कागदपत्रांच्या भागात आपण नागपूरवाले थोडे पुढे आहोत आणि थोडे अडकतोही. मौजा, खसरा नंबर, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) हे आपल्याला झोपेतही येते, पण आखीव पत्रिका म्हणजेच पुस्तकातलं प्रॉपर्टी कार्ड हे जोडून ठेवा. एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आणि त्यातले ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआउट, हे आपल्या शहराचं खास प्रकरण आहे, त्याच्या मागचा कायदा गुंठेवारीचा २००१ चा, एवढं लक्षात असू द्या, पण परीक्षा पूर्ण महाराष्ट्राची असते, त्यामुळे 'आरएल आहे ना मग झालं' हे उत्तर तिथं कुठंच नसते. एनए (बिगरशेती) म्हणजे काय, ताबा पावती आणि विक्रीपत्र यातला फरक काय, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसताना ताबा का घेऊ नये, १९६३ चा मोफा (फ्लॅट मालकीचा कायदा) आणि १९७० चा अपार्टमेंट कायदा कशासाठी, भाड्याच्या कराराला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा कसा लागतो, हे एकेकदा वाचलं तरी पुरे. टॅक्समध्ये दोनच गोष्टी नीट करा, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरावर १ टक्का आणि ओसी आल्यावर काहीच नाही, आणि ५० लाख किंवा वरच्या खरेदीत घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापायचा. बाकी स्टॅम्प ड्युटी आपण रोजच करतो.

परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त डावी-उजवी वही, नवीन काही नाही. माझं सेंटर हिंगणा रोडला होतं, एप्रिल संपत आला होता, मी गाडी न काढता सीताबर्डीवरून मेट्रोनं गेलो, एक तर ऊन आणि दुसरं म्हणजे पार्किंगची किटकिट. हॉलतिकीट दोन प्रिंट, ओरिजिनल आयडी, पाण्याची पारदर्शक बाटली आणि रिपोर्टिंग टाइमच्या अर्धा तास आधी, बस. पेपर कॉम्प्युटरवर असतो, पर्याय निवडायचे, ज्यांना माऊसची सवय नाही त्यांनी घरी पोराच्या लॅपटॉपवर दोन तास बसून घ्या, लाज नका बाळगू, माझ्या समोरच्या काकांचे पहिले दहा मिनिटं फक्त लॉगिनमध्ये गेले. प्रश्न आला की आधी पहा, 'प्रत्यक्षात काय होते' असं विचारलंय की 'कायद्यानुसार' असं. नेहमी दुसरंच असते.

आणि खिसे रिकामे करून जा. गेटवर गार्डनं सगळ्यांची झडती घेतली आणि एका प्लास्टिकच्या टोपल्यात खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पुड्या काढून ठेवायला लावल्या, चाळीसेक एजंट आणि त्याहून जास्त पुड्या. पेपर सुटला तेव्हा सगळे टोपल्याभोवती गोळा, आणि जो तो आपली पुडी ओळखून राहिला होता, आणि माझ्या पुडीवर ताबा दुसऱ्याचाच होऊन गेला होता.