आरव्ही कॅम्पग्राउंडवर कुटुंबासह मुक्काम कसा करावा

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आतच राहण्याची, झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेणाऱ्या कुटुंबाचा बहुतेक वेळ गाडी निवडण्यात जातो, आणि ती गाडी जिथे उभी राहणार ती जागा शेवटच्या दहा मिनिटांत, फोटो पाहून ठरवली जाते. हा क्रम उलटा असायला हवा. एकाच कॅम्पग्राउंडवर तंबूसाठी नुसती मोकळी जमीन असते, वीज आणि पाणी एवढेच देणाऱ्या जागा असतात, सांडपाण्याच्या नळीसकट सारे देणाऱ्या जागा असतात आणि शेजारीच लाकडी केबिनही असतात. यांतले आपल्या वाट्याला काय येणार आहे, त्यावर आंघोळ कुठे करायची, एसी चालेल की नाही आणि गाडीतल्या सांडपाण्याच्या टाक्या कधी रिकाम्या करायच्या हे सगळे ठरते. गाडी कशी चालवावी आणि बॅगेत काय भरावे हे वाचकाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो.

जागा ठरवणे

वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी असेल तर ती पूर्ण हुकअपची साईट, आणि फक्त वीज-पाणी असेल तर अर्ध्या हुकअपची. राष्ट्रीय उद्यानांच्या आतल्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर यांपैकी काहीच नसते, आणि हे न पाहता नोंदणी करणारे पुष्कळ भेटतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेज येथे पूर्ण हुकअप मिळते, तर तिथून जवळच असलेल्या मॅथर कॅम्पग्राउंडवर हुकअप मुळीच नाही आणि ३० फुटांहून लांब गाडी चालत नाही. यलोस्टोनमध्ये पूर्ण हुकअप हवे असेल तर फिशिंग ब्रिज गाठावे लागते, आणि तिथे अस्वलांच्या वावरामुळे तंबूंना किंवा कापडी भिंतींच्या ट्रेलरना प्रवेश नाही. खासगी कॅम्पग्राउंडचे तसे नसते. १९६२ साली मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे सुरू झालेल्या केओएच्या किंवा १९६९ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरुवात झालेल्या जेलीस्टोनच्या, अशा कॅम्पग्राउंडच्या साखळ्यांच्या मुक्कामांवर बहुधा सगळ्या प्रकारच्या जागा शेजारी शेजारी मिळतात, शिवाय मुलांसाठी खेळण्याची जागा, कपडे धुण्याची यंत्रे आणि एखादे छोटे दुकान असते.

पूर्ण हुकअपच घ्यावे असा सल्ला सरसकट दिला जातो. तो मला पटत नाही. दोन रात्री राहायचे असेल तर चार-पाच माणसांच्या कुटुंबाला वीज-पाण्याची साईट पुरते, कारण टाक्या एकदाच, निघताना, रिकाम्या करायच्या असतात आणि त्यासाठी कॅम्पग्राउंडवर सामायिक डंप स्टेशन असते. ते आहे ना, एवढे मात्र नोंदणीआधी पाहून घ्यावे. तीन रात्रींहून अधिक मुक्काम असेल तर पूर्ण हुकअपचे पैसे खुशाल द्यावेत. सोबत आजी-आजोबा असतील तर गाडीत सहा जणांना कोंबण्यापेक्षा साईटजवळची केबिन त्यांच्यासाठी घ्यावी. साध्या केबिनमध्ये संडास-बाथरूम नसते आणि अंथरूण-पांघरूण आपले न्यावे लागते, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी बाथरूमसह असलेली केबिनच पाहावी.

एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी साईट मिळत असेल तर दुसरा विचार करू नये. सरकारी कॅम्पग्राउंडची नोंदणी अनेक ठिकाणी सहा महिने आधी खुली होते, आणि मे अखेरची मेमोरियल डे, ४ जुलै व सप्टेंबरची लेबर डे या सुट्ट्यांच्या जागा फार लवकर संपतात.

पोचल्यावर

गाडी सपाट करावी, चाकांना अडणी लावावी, बाहेर सरकणारी भिंत उघडण्याआधी खांब आणि झाड यांच्यापासूनचे अंतर पाहावे.

विजेच्या खांबाचा ब्रेकर बंद करून मगच प्लग लावावा आणि काढतानाही तसेच करावे. भाड्याच्या मध्यम गाड्यांना बहुधा ३० ॲम्पिअरची जोडणी असते, म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॅट. छतावरचा एसी यांतले साधारण १३ ते १५ ॲम्पिअर घेतो, पाणी तापवण्याची विजेची कांडी १२च्या आसपास आणि इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेचा प्रेशर कुकर, आठ-नऊ. दुपारी एसी चालू, कुणीतरी आंघोळीला गेलेले आणि त्याच वेळी वरण शिजायला लावले की ब्रेकर उडतो, आणि लोक खांबाला दोष देत कार्यालयाकडे तक्रार घेऊन जातात. पाणी तापवण्याचे बटण गॅसवर करावे. प्रश्न तिथेच मिटतो. खांबावर वीज तपासणारे सर्ज प्रोटेक्टर लावल्यावाचून मी गाडी जोडत नाही.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, पांढरी किंवा निळी असते. नळाला आधी दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावा आणि मग नळी, कारण काही ठिकाणी नळाचा दाब गाडीतल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांना सोसवत नाही.

टाक्या: इथेच थांबून नीट वाचावे

गाडीखाली सांडपाण्याच्या निदान दोन टाक्या असतात. संडासाचा मैला ब्लॅक टँकमध्ये जातो. बेसिन, सिंक आणि शॉवर यांचे पाणी ग्रे टँकमध्ये. भाड्याच्या गाड्यांमध्ये यांची क्षमता बहुधा प्रत्येकी ३० गॅलन, म्हणजे ११० लिटरच्या घरात असते. सुरुवातीला मला हाच टप्पा सर्वांत जड गेला, आणि त्याचे कारण किळस हे नव्हते. प्रत्येक जण वेगळेच काही सांगत होता आणि त्यातले निम्मे चुकीचे होते.

सर्वांत घातक सल्ला असा की पूर्ण हुकअप असेल तर नळी जोडून दोन्ही व्हॉल्व उघडे ठेवावेत, म्हणजे सगळे आपोआप वाहून जाईल. ब्लॅक टँकचा व्हॉल्व मुक्कामभर बंदच असला पाहिजे. तो उघडा ठेवला की पाणी निघून जाते आणि घट्ट मैला व कागद संडासाच्या बरोबर खाली साचत जाऊन कडक ढीग होतो, आणि तो फोडून काढण्याचे काम ज्याने केले आहे त्याला पुन्हा विचारू नये. टाकी निदान दोन तृतीयांश भरेपर्यंत वाट पाहावी. वरच्या पाण्याचे वजनच खालचा गाळ ढकलून बाहेर काढते. ग्रे टँकचा व्हॉल्वही बंद ठेवावा, कारण त्यातले साबणाचे पाणी शेवटी नळी धुवायला लागते. हा टँक मधे भरलाच, तर पूर्ण हुकअपवर त्यातले थोडे पाणी सोडून व्हॉल्व पुन्हा बंद करावा.

संडासात पाणी वापरण्याची आपली सवय असते, आणि ती गाडीत मोडावी असे सांगणारे पुष्कळ असतात. हे अर्धेच खरे आहे. कागदाऐवजी पाणी वापरल्याने टाकीतला मैला पातळ राहतो आणि रिकामी करताना सहज निघतो. फक्त टाकी लवकर भरते, त्याचा हिशेब ठेवावा. कागद वापरणाऱ्यांनी पाण्यात लगेच विरघळणारा पातळ कागद आणावा. ओले वाइप्स टाकीत जाता कामा नयेत, मग त्यांच्या पाकिटावर काहीही छापलेले असो. मुलांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, शक्यतो संडासाच्या दारावर चिठ्ठी लावून.

गाडीतल्या पट्टीवरचे दिवे टाकी किती भरली ते दाखवतात असे म्हणतात. कागदाचा एखादा तुकडा आतल्या सेन्सरला चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. दिव्यांवर विश्वास ठेवू नये. संडासाचे पेडल दाबून आत बॅटरीचा झोत टाकावा आणि डोळ्यांनी पाहावे.

आता रिकामे करण्याची रीत. अमेरिकेत गाडीचे निचऱ्याचे तोंड चालकाच्या बाजूस असते, म्हणून डंप स्टेशनवर जमिनीतले छिद्र चालकाच्या बाजूला येईल असे उभे राहावे. उलट्या बाजूने शिरलेली गाडी मागच्या रांगेला अर्धा तास खोळंबून ठेवते. हातमोजे घालावेत. तोंडावरचे झाकण काढण्याआधी दोन्ही व्हॉल्व पूर्ण आत ढकललेले आहेत ना, हे हाताने चाचपून पाहावे, कारण आधीच्या भाडेकरूने ते कसे सोडले हे कुणालाच ठाऊक नसते. नळीचे तोंड लावून दोन्ही बाजूंच्या खाचा अडकेपर्यंत फिरवावे आणि ओढून पाहावे. एकच खाच अडकली तरी नळी बसल्यासारखी दिसते. दाब आल्यावर मात्र निसटते. दुसरे टोक छिद्रात खोल घालून त्यावर दगड किंवा छिद्राचे झाकण ठेवावे, अथवा कोणाला तरी पायाने दाबून धरायला सांगावे.

मग ब्लॅक टँकचा व्हॉल्व एका झटक्यात पूर्ण उघडावा. हळूहळू उघडणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यांना वाटते की त्यामुळे सांडणार नाही, प्रत्यक्षात वाहण्याचा जोर मोडतो आणि गाळ आतच राहतो. नळीच्या सुरुवातीला पारदर्शक कोपरा असेल तर आत काय चालले आहे ते दिसते, आणि चार-पाच डॉलर अधिक देऊन तो घ्यावाच. वाहणे थांबले की व्हॉल्व बंद करून आत एकाने पेडल दाबून बादलीने तीन-चार गॅलन पाणी टाकावे आणि पुन्हा सोडावे. पाणी गढूळ नाही असे दिसेपर्यंत हे करावे. गाडीच्या बाहेर टाकी धुण्याचे वेगळे तोंड असेल तर त्याला पिण्याच्या पाण्याची नळी कधीही लावू नये. त्यानंतर ब्लॅकचा व्हॉल्व बंद, ग्रेचा उघडा. साबणाचे पाणी जाता जाता नळी धुऊन काढते. हा क्रम उलटा केला तर हे धुण्याचे पाणी शिल्लकच राहत नाही.

दोन्ही व्हॉल्व बंद केल्यावर आधी गाडीकडचे टोक सोडावे, ते उंच धरून नळीतले उरलेले छिद्रात जाऊ द्यावे, आणि मगच छिद्रातले टोक काढावे. डंप स्टेशनवरचा नळ नळी आणि फरशी धुण्यासाठी असतो. त्यावर पिण्यास अयोग्य अशी पाटी असते, आणि नसली तरी ती आहे असेच समजावे. शेवटी ब्लॅक टँकमध्ये दोनेक गॅलन पाणी आणि टाकीत घालायचे खास औषध टाकावे. कोरडी टाकी वास मारते. संडासात बर्फ टाकून गाडी चालवली की टाकी स्वच्छ होते असे सांगणारे आहेत. बर्फ वितळतो आणि टाकी होती तशीच राहते.

स्वयंपाक आणि भांडी

आपल्या स्वयंपाकात ग्रे टँक ब्लॅकच्या आधी भरतो, कारण आपल्याला भांडी वाहत्या नळाखाली घासायची सवय आहे. टबात पाणी घेऊन भांडी घासावीत. तेलकट कढई आधी कागदाने पुसावी आणि सिंकवर बारीक जाळी ठेवावी. भाताची शिते, चहाचा चोथा आणि फोडणीचे तेल टाकीत गेले की दुसऱ्या दिवशी दुपारी येणारा वास त्यांचाच असतो. ग्रे टँकचे पाणी झुडपात सोडून देणे अनेक ठिकाणी बेकायदा आहे आणि अस्वलांच्या प्रदेशात धोक्याचेही.

फोडणी आत घालू नये. चुलीपासून हातभर अंतरावर धुराचा गजर असतो आणि मोहरी तडतडली की तो वाजतोच. मग कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवते, जे गॅसवर चालणाऱ्या गाडीत झोपणाऱ्यांनी करण्यासारखे मुळीच नाही. बाहेरच्या लाकडी टेबलावर छोटी गॅसची शेगडी मांडावी, आणि स्वयंपाक होताच खाण्याचे सगळे आत न्यावे.

सामायिक सोयी

बाथरूमच्या दाराचा सांकेतिक आकडा नोंदणीच्या कागदावर असतो. त्याचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्यावा. सकाळी सातनंतर शॉवरला रांग लागते, म्हणून मुलांच्या आंघोळी संध्याकाळी उरकाव्यात. जुन्या कॅम्पग्राउंडवर शॉवर आणि कपडे धुण्याची यंत्रे पाव डॉलरच्या नाण्यांवर चालतात, तेव्हा नाणी जवळ ठेवावीत. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते आणि ती तिथे खरोखर पाळली जाते. अंताक्षरी नऊला सुरू करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

निघताना

गाडी साईटवरून अकरा-बारापर्यंत हलवावी लागते, आणि त्याच सुमारास डंप स्टेशनवर सगळ्यांची गर्दी होते. नऊच्या आत तिथे पोचावे. गाडीच्या बाजूला उघडलेले कापडी छत गुंडाळावे, वीज-पाण्याच्या नळ्या काढाव्यात, चाकांच्या अडण्या उचलाव्यात, पायरी आत घ्यावी आणि मग गाडीभोवती एक फेरी मारावी, म्हणजे विजेचा प्लग खांबालाच राहिलेला नाही हे डोळ्यांनी दिसते. शेकोटीसाठी घेतलेली लाकडे उरली तर ती पुढच्या मुक्कामाला नेऊ नयेत, शेजाऱ्याला द्यावीत. मिशिगनमध्ये २००२ साली आढळलेला ॲश झाडे मारणारा हिरवा भुंगेरा अशाच सरपणातून राज्याराज्यांत पसरला, आणि बाहेरचे लाकूड आणण्यावर अनेक ठिकाणी बंदी आहे.