पिल्लू घरी आणलंय? या चुका टाळा

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिला नियम ठरतो: लसीचे सगळे डोस होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती खरी आहे, पण आयुष्यभराचं नुकसान याच नियमाने होतं. नव्या गोष्टी न घाबरता स्वीकारायचा कुत्र्याचा काळ साधारण 3 ते 14 आठवड्यांचा असतो आणि लसींचे डोस 16 आठवड्यांपर्यंत चालतात. डोस संपेपर्यंत तो काळ गेलेला असतो. मग लिफ्ट, छत्री, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, सगळ्यांवर भुंकणं सुरू होतं आणि घरचे म्हणतात, स्वभावच तसा.

पहिल्या डोसला 7 दिवस झाले, जंताचं औषध दिलं आणि पिल्लू नीट खातंपितं असेल, तर डॉक्टरांना विचारून त्याला कडेवर किंवा पिशवीतून बाहेर न्या. जमिनीवर ठेवू नका; भटकी कुत्री फिरतात तो फुटपाथ आणि सोसायटीची बागही टाळा. 10 मिनिटं पुरतात. आज गेटवरचा वॉचमन, उद्या भाजीवाल्याची गाडी, परवा स्टेशनबाहेरची गर्दी जरा लांबून.

उलटी चूकही तितकीच वाईट: सवय व्हावी म्हणून थेट विसर्जनाच्या मिरवणुकीत नेणं. ढोल-ताशाचं, फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, जेवताना लावा आणि काही आठवड्यांत वाढवत न्या. शेपूट पोटाखाली, जांभया, ओठ चाटणं, आवडता खाऊही नाकारणं ही भीतीची खूण आहे. लगेच अंतर वाढवा. ओढून पुढे नेलंत, तर तीच भीती पक्की होते.

महिन्याभराचं पिल्लू विकत घेऊ नका. 2017च्या नियमांनुसार 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. चावा किती जोरात घ्यायचा, हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकतं.

लहानपणाचा परिणाम म्हातारपणीही दिसतो. मॉन्ट्रियलच्या मायकेल मीनी यांच्या गटाने 1988 मध्ये दाखवलं, की जन्मानंतरचे पहिले तीन आठवडे रोज थोडा वेळ हाताळलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतल्या स्मरणशक्तीशी जोडलेल्या भागातल्या) पेशी म्हातारपणी कमी मेल्या आणि त्यांची स्मरणशक्तीही चांगली टिकली. कुत्र्याला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. पण वयस्क बीगल कुत्र्यांवर जवळपास 3 वर्षं चाललेल्या प्रयोगात खेळणी, सोबत, व्यायाम आणि अँटिऑक्सिडंटयुक्त आहार मिळालेल्यांची शिकण्याची क्षमता जास्त टिकली.

म्हणून 'आता वय झालं' म्हणत फिरवणं बंद करू नका. पावसाळ्यात बाहेर जाता येत नसेल, तर जेवणातले दाणे टॉवेलच्या घड्यांत लपवून हुंगत शोधायला लावा. गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट टाका; पाय घसरायला लागले की म्हातारं कुत्रं हलायचंच सोडतं. रात्री भटकणं, दाराच्या बिजागरीकडे उभं राहणं, घरातच लघवी करणं ही मेंदू थकल्याची लक्षणं असू शकतात. पण मूत्रपिंडाचे विकार आणि सांधेदुखीतही असं होतं, म्हणून आधी रक्त-लघवी तपासून घ्या. तोवर फर्निचर हलवू नका आणि पाण्याच्या भांड्याजवळ रात्रभर छोटा दिवा ठेवा.